भांड्यांवर रेघ ओढणारे खडू: घरी कसे करायचे आणि किती भाजायचे

प्रश्न असा आहे: ‘माझ्याकडे लहान इलेक्ट्रिक भट्टी आहे. बिस्किट, म्हणजे एकदाच भाजलेल्या आणि ग्लेझ न लावलेल्या, भांड्यांवर ब्रशऐवजी पेन्सिलीसारख्या रेघांनी चित्रं काढायची आहेत. विकतच्या अंडरग्लेझ पेन्सिली (ग्लेझच्या काचेसारख्या थराखाली रंगवायच्या) महाग पडतात, टोक सारखं तुटतं आणि रंग मोजकेच मिळतात. म्हणून चिनी मातीत काळा स्टेन (भट्टीत टिकणारा तयार रंग) कालवून कांड्या वळल्या आणि नेहमीच्या बिस्किट भट्टीत ९५० अंशांना भाजल्या. दिसायला छान झाल्या, पण भांड्यावर उमटतच नाहीत. काय चुकलं? आणि हे घरी जमण्यासारखं आहे का?’

घरी नक्की जमतं. मी गेली वीस-बावीस वर्षं स्टुडिओत स्टोनवेअरचं, म्हणजे चढ्या तापमानाला भाजलेल्या टणक भांड्यांचं, काम करते आणि त्यातली निदान पंधरा वर्षं स्वतःचेच खडू वापरते आहे. तुमची माती ठीक आहे, रंगही ठीक आहे. चुकला आहे तो फक्त ताव. जितक्या तापमानाला भांडं भाजलं तितक्याच तापमानाला खडूही भाजला, म्हणजे दोघं सारखेच कडक झाले. आता एकाने दुसऱ्यावर रेघ उमटवायची म्हणजे दगडावर दगड घासण्यासारखं आहे.

सहाणेवर चंदन उगाळताना काय होतं ते आठवा. सहाण खरखरीत असते आणि झिजत नाही. खोड तिच्यापेक्षा मऊ असतं आणि ते झिजतं. बिस्किट भांडं ही आपली सहाण आणि खडू हे खोड. खडू झिजला नाही तर रेघ नाही. फार भराभर झिजला तर भुकटी पडते, रेघ तरीही नाही. खडू करण्याचं जवळजवळ सगळं कसब या झिजण्याचं प्रमाण साधण्यात आहे. नवीन माणूस सगळा वेळ रंगाच्या शोधात घालवतो आणि भाजणीकडे दुर्लक्ष करतो, म्हणून मी सुरुवात भाजणीपासून करणार आहे.

आपल्या साध्या शिसपेन्सिलीचीही हीच गोष्ट आहे. ग्राफाइटची पूड चिकणमातीत कालवून तिच्या कांड्या भट्टीत भाजायची ही रीत फ्रान्सच्या निकोला-जाक काँते याने काढली आणि १७९५ साली तिचं पेटंट घेतलं. युद्धामुळे इंग्लंडचं चांगलं ग्राफाइट फ्रान्सला मिळेनासं झालं होतं, त्या अडचणीतून ही वाट निघाली. माती वाढवली की पेन्सिल कडक आणि फिकी होते, कमी केली की मऊ आणि गडद. एचबी, टू-बी हे फरक त्यातूनच येतात. आपण ग्राफाइटच्या जागी भट्टीत टिकणारा रंग घालतो, कारण ग्राफाइट भट्टीत जळून जातं. त्याचाही एक फायदा आहेच. भांड्यावर आधी साध्या पेन्सिलीने कच्चं रेखाटन करून घ्या, त्यावर खडू चालवा. पेन्सिलीच्या रेघा भट्टीत आपोआप नाहीशा होतात, खोडत बसावं लागत नाही.

आता भाजणीकडे येऊ. ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि ती कायमची बदलते. त्यानंतर ती पाण्यात टाकली तरी विरघळून चिखल होत नाही. पण ६०० च्या थोडं वर ती अजून अगदी भुसभुशीत असते. तिथून पुढे दर पन्नास अंशांना ती कडक होत जाते. माझ्या मिश्रणाचा अनुभव सांगते. ६५० ला खडू पेस्टलसारखा मऊ असतो, रुंद आणि दाणेदार पट्टा देतो, बोटाने पसरवताही येतो. ७०० ते ७३० ला पेन्सिलीसारखा होतो, टोक काढता येतं, रेघ बारीक आणि ठाम येते. ८०० ला रेघ फिकी पडते आणि हाताला जोर द्यावा लागतो. ९०० च्या पुढे तो फक्त ओरखडे काढतो. तुमच्या मातीचे आकडे वीस-तीस अंशांनी इकडेतिकडे होतील, त्यामुळे हे जसेच्या तसे धरू नका.

खडू मऊ झाला तर तो पुन्हा भट्टीत घालून तीस-चाळीस अंश जास्त भाजता येतो. कडक झाला तर मागे येण्याची सोय नाही, कुटून नव्या मिश्रणात घालायचा. म्हणून पहिली भाजणी नेहमी कमीच ठेवा. मी नवीन मिश्रणाच्या कांड्या आधी ६६० ला काढते, एक कांडी बिस्किटाच्या तुकड्यावर ओढून बघते आणि मग बाकीच्या किती चढवायच्या ते ठरवते. ओढताना कान द्या. योग्य भाजलेला खडू बिस्किटावरून जाताना पाटीवरच्या पेन्सिलीसारखा हलका ‘सर्र’ असा एकसलग आवाज करतो. ‘कर्र’ असा तुटक, दातांना शिरशिरी आणणारा आवाज आला तर एक तर तो जास्त भाजला आहे किंवा आत जाडसर कण राहिले आहेत. कोणती चूक आहे ते रेघ सांगते. सगळी रेघ फिकी असेल तर ताव जास्त झाला. रेघ गडद आहे पण मधेच पांढरा ओरखडा दिसतो, तर तो जाड कणाचा.

पहिल्या वर्षी मीही खडू भांड्यांसोबत बिस्किट भट्टीतच, खालच्या फळीवर, ठेवत असे. तिथे भट्टी थोडी थंड असते, चालून जाईल, असा हिशेब होता. खालच्या फळीवरही तापमान नऊशेच्या आसपास गेलेलं असायचं आणि तीन वेळा खडू वाया गेले. तेव्हापासून खडूंची भट्टी वेगळीच लावते. तुमची भट्टी लहान आहे ही या कामात सोयच आहे. खडू अगदी थोडी जागा घेतात आणि सातशेपर्यंत वीजही फार लागत नाही.

मिश्रण. स्टोनवेअरसाठी, म्हणजे शेवटची भट्टी १२०० ते १२४० अंशांची असेल तर, मी ४० भाग बॉल क्ले, ३० भाग चिनी माती आणि ३० भाग फेल्डस्पार घेते आणि या शंभरावर २ भाग बेंटोनाइट (फार चिकट माती) घालते. बॉल क्ले बिकानेरकडची सहज मिळते, ती चिकट असते आणि कांडीला बांधून ठेवते. नुसत्या चिनी मातीची कांडी वळताना भेगाळते. तुमच्याही काही कांड्या वळताना तुटल्या असणार. फेल्डस्पार सातशेला काहीच करत नाही. त्याचं काम शेवटच्या भट्टीत असतं. बाराशेला तो वितळतो आणि रेघेला भांड्याशी जोडतो, म्हणजे ग्लेझ नसलेल्या भागावरही रेघ बोटाने पुसून निघत नाही.

टेराकोटावर काम असेल, शेवटची भट्टी १००० ते १०५० ची, तर तिथे फेल्डस्पार पुरेसा वितळत नाही. मग ३० पैकी २० भाग काढून त्या जागी शिसेविरहित फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) घाला. मात्र फ्रिट लवकर मऊ होतं, त्यामुळे असे खडू ६२० ते ६४० लाच थांबवा. सातशेला नेले तर दगड होतात आणि एकमेकांना चिकटतात. फ्रिट शिसेविरहित असल्याची खात्री दुकानदाराकडून तोंडी घेऊ नका, पाकिटावरची माहिती वाचा.

तपकिरी आणि काळ्या खडूंसाठी पांढरी माती लागतच नाही. कुंभाराकडची लाल माती पातळ कालवून गाळून घेतली तर तिचेच उत्तम खडू होतात. मातीत लोह मुळातच असतं, रंगाला खोली येते. ती जरा आधी कडक होते, तेव्हा ६२०-६३० ला बघा.

रंग किती घालायचा? स्टेन असतील तर शंभर भाग मातीवर ३० ते ४० भाग. हे प्रमाण बऱ्याच जणांना फार वाटतं, कारण स्लिपमध्ये, म्हणजे पातळ कालवलेल्या मातीत, आपण दहा-पंधरा टक्के घालतो. पण स्लिपचा थर जाड बसतो आणि खडूच्या रेघेत पदार्थ जवळजवळ नसतोच. दहा टक्क्यांचा निळा खडू बिस्किटावर छान निळा दिसतो आणि ग्लेझखाली राखाडी सावली होऊन जातो. ऑक्साइड तीव्र असतात, त्यांना कमी पुरतं. कोबाल्ट ६ ते ८ भाग. इथे ऑक्साइडपेक्षा कार्बोनेट घ्या, ते बारीक असतं आणि ठिपके पडत नाहीत. लोहाचा लाल ऑक्साइड २० भाग. हार्डवेअरच्या दुकानात फरशीसाठी मिळणारा रेड ऑक्साइड चालतो, पण त्यात भर घातलेली असते आणि प्रत्येक पिशवी वेगळी निघते, तेव्हा दर वेळी चाचणी करा. गेरूही चालतो. बिस्किटावर तो सुंदर लाल दिसतो, पण १२०० ला ग्लेझखाली तपकिरी किंवा काळपट होतो. लालच हवा असेल तर गेरूवर विसंबू नका. झिरकॉनच्या कवचात बांधलेले लाल स्टेन मिळतात, ते घ्या.

सगळ्यात भरवशाचा रंग काळा स्टेन. पिवळा आणि निळसर हिरवा करायला झिरकॉन गटातले स्टेन घ्या, ते उच्च तापमानालाही टिकतात. गुलाबी रंगाची निवड मात्र ग्लेझ बघून करा. क्रोम-टिनचा गुलाबी स्टेन जस्त असलेल्या ग्लेझखाली विरून जातो आणि मळकट करडा होतो. क्रोमच्या हिरव्याचंही जस्ताशी जमत नाही. एकदा मी चोवीस वाट्यांवर हिरवी पानं काढली होती आणि त्या दिवशी हाताशी असलेल्या, जस्त घातलेल्या पारदर्शक ग्लेझमध्ये त्या बुडवल्या. भट्टी उघडली तर सगळी पानं वाळलेली, तपकिरी. खडू निर्दोष होता, ग्लेझने रंग बदलला होता. तेव्हापासून नवीन खडूची चाचणी मी नुसत्या बिस्किटावर करत नाही, माझ्या प्रत्येक ग्लेझखाली करते. टिनच्या पांढऱ्या ग्लेझची भांडीही क्रोमच्या खडूने रंगवलेल्या भांड्यांना खेटून ठेवू नका, क्रोमची वाफ लागून त्यांच्यावर गुलाबी छटा चढते.

तांब्याचे खडू मी करत नाही. तांबं बाराशेच्या भट्टीत उडतं, रेघ पसरते, आणि खडू म्हटलं की बोटांना रंग लागतोच. मँगनीज डायऑक्साइडही कोरड्या खडूत टाळलेलं बरं. त्याची धूळ आणि भट्टीतली वाफ दोन्ही अंगाला वाईट आहेत.

लाल मातीवर पांढरा खडू मात्र जरूर करा. मातीच्या मिश्रणात ३० भाग झिरकोनियम सिलिकेट घातलं की तो होतो. टेराकोटावर पांढरी रेघ म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना वारली आठवते आणि शिकायला येणारे बहुतेकजण तेच काढू लागतात. वारली चितारताना तांदळाचं पीठ पाण्यात कालवून बांबूची काडी तासून, चेचून तिने रंगवतात, त्यामुळे ती रेघ ओली आणि भरीव असते. खडूची रेघ कोरडी, तुटक, दाणेदार असते. खडूने वारली काढली की ती अर्धवट पुसल्यासारखी दिसते. खडूला त्याचं स्वतःचं चित्र द्या. गवत, पाऊस, केस, झाडाची साल, जिथे एका रेघेवर दुसरी चढते आणि मधून भांडं दिसत राहतं, तिथे खडूला तोड नाही.

आता कृती. रंग सोडून सगळे कोरडे घटक एकदम पाण्यात टाका. पावडर आधी ओतून वर पाणी ओतलं की धूळ उडते आणि तीच फुप्फुसात जाते. चिनी माती, फेल्डस्पार, बॉल क्ले या सगळ्यांत कमीअधिक सिलिका असतेच आणि तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. एन-९५ मास्क लावा, टेबल ओल्या फडक्याने पुसा आणि स्टुडिओत झाडू फिरवू नका. स्वयंपाकघरात हे काम करूच नका.

मिश्रण एक रात्र भिजू द्या. सकाळी रंग वेगळा घोटा. काचेच्या तुकड्यावर किंवा या कामासाठीच ठेवलेल्या पाटा-वरवंट्यावर, पाणी घालून, पंधरा-वीस मिनिटं. बोटांच्या चिमटीत घेतल्यावर खर लागेनाशी झाली पाहिजे. मग माती आणि रंग एकत्र करून ८० नंबरच्या चाळणीतून दोनदा ओलंच गाळा. खडूत राहिलेला एक वाळूचा कण पुढे चांगल्या भांड्यावर ओरखडा काढतो, म्हणून या टप्प्यावर घाई नको.

गाळलेलं पातळ मिश्रण पीओपीच्या लादीवर ओता. ती पाणी शोषून घेते. तासा-दोन तासांत पोळीच्या कणकेइतकं घट्ट झालं की उचला आणि चांगलं मळा, हवा राहता कामा नये. कांड्या करायला माझी आवडती दोन साधनं आहेत. एक म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी वीस मिलीची प्लास्टिकची सिरिंज. तिचं पुढचं निमुळतं टोक ब्लेडने कापून तोंड मोठं करायचं. दुसरं म्हणजे चकलीचा सोऱ्या. त्याच्या चकतीला मधोमध ८ मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, फराळाच्या वेळी जसा दाबता तसा दाबा, सरळ कांडी बाहेर येते. तो सोऱ्या पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, त्यावर रंगाने मोठी फुली मारून ठेवा. हाताने वळलेल्या कांड्याही चालतात, पण त्या दोन्ही टोकांना बारीक आणि मधे जाड होतात. दोन सपाट फळ्यांमध्ये हलकं फिरवून त्या सारख्या करता येतात.

जाडी ८ मिलिमीटर, लांबी ८-९ सेंटिमीटर. रंगासकट १०० ग्रॅम कोरड्या मिश्रणातून अशा चौदा-पंधरा कांड्या निघतात. यापेक्षा बारीक केल्या तर हातात मोडतात. बारीक रेघ हवी असेल तर कांडी बारीक न करता टोक बारीक करायचं, त्याबद्दल पुढे सांगते.

वाळवताना कांड्या वाकतात, ही नेहमीची तक्रार असते. त्या उन्हात किंवा पंख्याखाली ठेवल्या की एक बाजू आधी वाळते, आकसते आणि कांडी धनुष्य होते. पार्सलच्या खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा घ्या, वरचा गुळगुळीत कागद सोलून काढा, आतल्या नळ्या उघड्या होतात. प्रत्येक नळीत एक कांडी ठेवा, वर वर्तमानपत्राचा कागद अंथरा आणि सावलीत दोन-तीन दिवस राहू द्या. दिवसातून दोनदा कांड्या आपल्या जागीच अर्धा फेरा फिरवा. पावसाळ्यात पाच-सहा दिवसही लागतात. ओठांना किंवा गालाला टेकवून गार लागली तर आत ओल आहे असं आम्ही नेहमी म्हणतो. रंगाच्या खडूच्या बाबतीत गालच वापरा, आणि तोही नंतर धुवा.

ओल्या कांडीच्या एका टोकावर सुईने नंबर कोरा आणि वहीत लिहा: मिश्रण, रंग, प्रमाण. भाजल्यावर त्यापुढे तापमान लिहा. वाळलेल्या अवस्थेत निळा, काळा आणि हिरवा ओळखताना चांगला सरावलेला माणूसही फसतो.

भट्टीत फळीवर बारीक सिलिका वाळूचा किंवा अॅल्युमिनाचा अर्धा सेंटिमीटर थर पसरा आणि कांड्या त्यात हलक्या रुतवून ठेवा, म्हणजे त्या सरळ राहतात. फ्रिट नसलेल्या कांड्या एकमेकींना टेकल्या तरी बिघडत नाही. पहिला तास ११० अंशांवर धरा, उरलीसुरली ओल जाऊ द्या. मग ताशी १५० अंशांनी चढवा, ठरवलेल्या तापमानाला पंधरा मिनिटं थांबवा आणि बंद करा. १०० च्या आत येईपर्यंत झाकण उघडू नका.

एकाच भट्टीतून सगळे रंग सारख्या कडकपणाचे निघत नाहीत, हे पहिल्यांदा बघून गोंधळायला होतं. ज्या खडूत ४० भाग पिवळा स्टेन आहे त्यात मातीचा वाटा कमी, म्हणून तो जास्त मऊ. ज्यात ८ भाग कोबाल्ट आहे तो जवळजवळ सगळा मातीच, म्हणून कडक. मी माझ्या पिवळ्या आणि पांढऱ्या कांड्या ७४० ला भाजते आणि कोबाल्टच्या ६९० ला. दोन भट्ट्या लावायच्या नसतील तर सगळ्या ६९० ला काढा आणि मऊ निघालेल्या तेवढ्या पुढच्या वेळी पुन्हा चढवा.

चितारताना भांड्याचा पृष्ठभाग महत्त्वाचा. बिस्किटावर खडू सगळ्यात चांगला चालतो. पूर्ण वाळलेल्या कच्च्या भांड्यावरही चालतो, पण हात अगदी हलका ठेवावा लागतो, नाहीतर खडू भांड्यातच चर पाडतो. लेदर-हार्ड, म्हणजे अर्धवट वाळलेल्या, मातीवर चालवू नका. टोकाला ओली माती चिकटते, ती तिथेच वाळते आणि पुढे खडू घसरायला लागतो. असा खडू झाला असेल तर टोक सँडपेपरवर घासून नवं काढा. चाकावर रबराच्या पट्टीने खूप गुळगुळीत केलेल्या किंवा घोटलेल्या भांड्यावर रेघ धरत नाही, कारण त्या सहाणेला धारच उरलेली नसते. ज्या भांड्यावर खडूकाम करायचं ठरलं आहे त्यावर शेवटचा हात पट्टीऐवजी ओल्या स्पंजचा फिरवा. स्पंज बारीक माती उचलतो, दाणा वर आणतो, आणि खडूला तेच हवं असतं.

टोक काढायला शार्पनर वापरू नका, कांडी मोडते. १२० नंबरच्या पॉलिश-पेपरच्या तुकड्यावर कांडी तिरकी धरून फिरवा, आणि ते खाली ओलं फडकं घेऊन करा म्हणजे भुकटी उडत नाही. चपटी धार काढली तर एकाच खडूने अक्षराला बोरूसारखी जाड-बारीक रेघ येते. टोक क्षणभर पाण्यात बुडवून ओढलं तर रेघ गडद आणि सलग होते. भाजलेला असल्यामुळे तो पाण्यात विरघळत नाही. कच्च्या खडूला ही मुभा नाही.

चित्र झाल्यावर भांडं उलटं करून हलकं ठोका, सैल भुकटी पडून जाऊ द्या. तोंडाने फुंकू नका. भुकटीचा जाड थर राहिला तर ग्लेझ तिथे धरत नाही, भट्टीत आकसून बाजूला सरकतं आणि उघडी जागा राहते. ब्रशने ग्लेझ लावलंत तर रेघा पुसल्या जाणार, हे ठरलेलं आहे. दोन उपाय आहेत. एक, पाण्यात अर्धा टक्का सीएमसी (डिंकासारखी चिकटवणारी पावडर) विरघळवून त्याची बारीक फवारणी करायची, वाळू द्यायची आणि मग भांडं ग्लेझमध्ये झटकन बुडवून काढायचं. दुसरा, जास्त खात्रीचा उपाय म्हणजे चितारलेलं भांडं ग्लेझआधी पुन्हा सातशे-साडेसातशेला भाजायचं. कारखान्यांतही अंडरग्लेझ रंग पक्के करायला अशी मधली भट्टी लावण्याची पद्धत आहे. तपशिलाचं काम असेल, चार-पाच तास एका ताटावर घालवले असतील, तर मी ही भट्टी टाळत नाही. नव्या खडूंची भाजणीही त्याच तापमानाची असते, दोन्ही कामं एकत्र उरकतात.

वरचं ग्लेझ पातळच हवं. जाड, वाहत्या ग्लेझखाली कोबाल्टची रेघ पसरते आणि शाईफुटीसारखी दिसते. जेवणाच्या भांड्यांवर खडूकाम बाहेरच्या बाजूने करा. आतून केलंच तर त्यावर पूर्ण, नीट बसलेलं ग्लेझ असायलाच हवं.

भट्टी वारंवार लावता येत नसेल तर न भाजता वापरायचे खडूही होतात. ५० भाग चिनी माती, ५० भाग स्टेन, आणि कालवायला पाण्याऐवजी एक टक्क्याचं सीएमसीचं द्रावण. सीएमसीऐवजी बाभळीचा डिंकही चालतो: १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा, त्यात लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकायचा, नाहीतर तो दोन दिवसांत आंबतो. डिंक वाळताना कांडीच्या पृष्ठभागावर येतो आणि वर कडक साल धरते. खडू उमटत नाही असं वाटलं तर आधी टोकाची ती साल घासून काढा, आत मऊ असतो. हे खडू रंगाला गडद आणि स्वभावाने ठिसूळ. मोठ्या थाळ्यांवर मोकळ्या हाताने रंग भरायला मी तेच घेते, बारीक रेघांना नाही.

मेणाचे खडू ही वेगळीच गोष्ट आहे. दोन भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचं मेण वितळवून त्यात जवळपास तेवढ्याच वजनाचा स्टेन आणि थोडं फ्रिट ढवळायचं आणि कागदाच्या नळीत ओतायचं. मेण थेट आचेवर कधीच ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. या खडूची रेघ ग्लेझला हटवते, त्यामुळे ती उघडी, खरखरीत राहते आणि तिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी ग्लेझ भरता येतात. स्पेनमधल्या जुन्या टाइल्सवर मँगनीज आणि चरबी यांच्या मिश्रणाची रेघ ओढून याच तत्त्वावर रंग वेगळे ठेवत. त्या पद्धतीला तिथे ‘कुएर्दा सेका’, म्हणजे कोरडी दोरी, म्हणतात. भट्टीत मेणाचा धूर होतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि त्या वेळी खोलीत थांबू नका.

तुम्ही सुरुवात काळ्यापासून करा. २०० ग्रॅम मिश्रण, त्यावर ६० ग्रॅम काळा स्टेन. कांड्यांचे तीन भाग करा: ६६०, ७०० आणि ७३० अंश. ज्या मातीची भांडी करता त्याच मातीची बिस्किट टाइल घ्या, तीन रेघा शेजारी शेजारी ओढा, अर्ध्या टाइलवर तुमचं नेहमीचं ग्लेझ लावा आणि अर्धी उघडी ठेवून पूर्ण भट्टी द्या. तुमचा आकडा त्या टाइलवर दिसेल. हाताशी असलेल्या ९५० च्या कांड्या टाकू नका. खलबत्त्यात पाणी घालून कुटा, ८० च्या चाळणीतून गाळा आणि पुढच्या मिश्रणात शंभराला दहा या प्रमाणात मिसळा. भाजलेल्या मातीचे ते कण कांडीचं आकसणं कमी करतात, नवीन खडू वाळताना कमी वाकतात. उरलेलं पाण्यात पातळ करून बाटलीत भरून ठेवा, खडूच्या रेघांमध्ये ब्रशने फिकट छाया भरायला ते उपयोगी पडतं.